शिक्क्याखाली दडलेली तारीख

सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीतल्या वाचकांचं पत्र आहे. पाणीवाटप आणि पाणीपट्टीची वसुली पंधरा वर्षांसाठी एका कंपनीकडे द्यायचा ठराव झाला. कंपनीत परदेशी भागीदार आहे. आता लोक विरोध करू लागले, तर ‘ब्रिटनशी व्यापार करार झालाय, ठराव फिरवला तर गावाला परदेशी लवादात भरपाई भरावी लागेल’ असं त्यांना सांगितलं जातंय. हे खरं का, आणि काम थांबवता येईल का? सांगलीहूनही याच धर्तीची पत्रं आली आहेत.

ब्रिटनच्या करारापुरती तरी भरपाईची ही भीती निराधार आहे. ब्रिटनच्या करारावर 24 जुलै 2025 ला सह्या झाल्या. त्यातलं सरकारी खरेदीचं प्रकरण केंद्राच्या खात्यांपुरतं आहे, राज्यं आणि नगरपालिका त्यात नाहीत. परदेशी गुंतवणूकदाराला सरकारविरुद्ध लवादात जाऊ देणारे, दोन देशांमधले गुंतवणूक संरक्षणाचे करार मात्र वेगळे, आणि तिथला धोका खरा असतो. मेक्सिकोत ग्वादालकासार नगरपालिकेने घातक कचऱ्याच्या प्रकल्पाला बांधकाम परवाना नाकारला, तेव्हा 2000 साली लवादाने अमेरिकन कंपनीला सुमारे 1 कोटी 67 लाख डॉलर द्यायचा निवाडा दिला. पण तो मेक्सिको देशाविरुद्ध, नगरपालिकेविरुद्ध नव्हे. भारताने तर त्यानंतर अशा करारांसाठी केलेल्या नमुना मसुद्यात स्थानिक संस्थांचे निर्णय सरळ बाहेरच ठेवलेत. रद्द झालेल्या जुन्या करारांचं संरक्षण काही वर्षं शिल्लक राहतं, त्यामुळे भागीदार कुठल्या देशाचा हे पाहिल्याशिवाय याहून ठाम बोलणार नाही.

तुमचं प्रकरण अडलंय ते इथेच, गावात. तुम्ही ठरावाच्या नकलेचा फोटो पाठवलाय. ठराव क्रमांक स्वच्छ दिसतो, सूचक-अनुमोदकांची नावं दिसतात, आणि तारखेवर नेमका गोल शिक्का पडलाय. करारनाम्यावर सह्या झाल्या की नाही, कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी हुकूम) निघाला की नाही, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. सगळं त्यावरच अवलंबून आहे, साहेब. निविदेची जाहिरात पेपरात आली तेव्हा हरकत घेतली नाहीत, सभेचा ठराव झाला तेव्हाही नाही, आणि आता मीटर बसायला लागल्यावर कागद शोधताय. याचा मला मनापासून राग येतो, कारण पाणी तुमच्या घरचं आहे.

सह्या झालेल्या नसतील तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम 308 तुमच्या हातात आहे. ठराव लोकहिताविरुद्ध किंवा बेकायदा वाटला तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्यांच्याकडे सविस्तर अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. माहिती अधिकारात तीस दिवस जातील, म्हणून मुख्याधिकाऱ्यांकडे नकलेचा अर्जही त्याच दिवशी टाका. दावा करायचा तर कलम 304 प्रमाणे एक महिन्याची नोटीस आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तुमचे सहा महिने कधी संपतात हे शिक्क्याखाली लपलंय. उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेला अशी ठरावीक मुदत नाही, पण उशीर का झाला हे न्यायमूर्ती विचारतातच. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झाल्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या, तरी तारखा लवकर मिळतील असं गृहीत धरू नका. कोर्टं वेळ घेतात, तोवर पाइप जमिनीत गाडले जातात.

सह्या झाल्या असतील तर करारनाम्यातलं मुदतपूर्व रद्द करण्याचं कलम सर्वांत आधी वाचा. कंपनीला काढलं तर किती रक्कम द्यायची आणि वाद कुठल्या लवादाकडे जायचा, हे बहुधा तिथेच ठरलेलं असतं. गावाला भरपाई भरावी लागलीच तर ती या कलमामुळे लागेल. त्या पानाची नक्कल मला पाठवा.