उत्तर: संसर्ग प्रतिबंधाचं प्रशिक्षण टिकत का नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६० खाटांचं रुग्णालय, वर्षातून एकदा सगळ्यांना बसवून दोन तासांचं प्रशिक्षण होतं, हजेरीपटावर सह्या होतात, भिंतींवर तक्ते लागतात आणि पंधरा दिवसांत सगळं मूळपदावर येतं. वर सुई टोचली तरी कुणी सांगत नाही. मग बदलायचं काय?

अभ्यासक्रम बहुधा ठीकच असणार. ते दोन तास मोडून दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा आणि खाटेपाशी घ्या. एका वेळी एकच काम, तीन-चार माणसं, सामान रोजचंच. हात स्वच्छ करण्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे पाच क्षण सिस्टरना पाठ असतातच: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त किंवा शरीरद्रवाशी संबंध येऊ शकेल अशा कामानंतर, रुग्णाला हात लावल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. पण रक्त लागल्यावर हात धुवायला कुणाला सांगावं लागत नाही, तिथे स्वतःच्या जिवाची काळजी असते. ढिलाई होते ती मुख्यतः ‘आधी’च्या दोन क्षणांत आणि पाचव्यात.

सलाईनमधून इंजेक्शन देणं हे एकच काम घ्या आणि न बोलता बघत उभे राहा. सिस्टर हँडरब (हातांना चोळायचं अल्कोहोलचं जंतुनाशक) लावते, पडदा ओढते, खाटेचा कठडा खाली करते, सलाईनचा वेग बघते आणि त्याच हातांनी पोर्टला (सलाईनच्या नळीवर औषध सोडायची जागा) सिरिंज जोडते. विचारलंत तर ती म्हणेल, हात स्वच्छ केले की! केले होते, पण पडदा आणि कठडा मध्ये आले. हँडरब हवा पोर्टला हात लावण्याच्या अगदी आधी. म्हणजे कामाचा क्रम बदलायला हवा: पडदा, कठडा, ट्रेची मांडणी आधी उरकायची, मग हात, मग पोर्ट. पोर्टचं तोंड अल्कोहोल स्वॅबने १५ सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. नुसता स्वॅब टेकवला तर जंतू निघत नाहीत, कारण अल्कोहोलइतकंच काम घासण्याचं आहे. हे तक्त्यावर कितीही मोठ्या अक्षरांत लिहा, कळतं ते असं हातात घेतल्यावरच.

हँडरब किती लागतो हेही मोजून दाखवा. तळहाताची ओंजळ भरेल इतका, साधारण ३ मिली, आणि हात २० ते ३० सेकंद ओले राहिले पाहिजेत. दहा सेकंदांत हात कोरडे झाले तर घेतला तोच कमी. पंपाचा एक दाब सुई काढलेल्या सिरिंजमध्ये ओढून मोजा. पंप प्रत्येक बाटलीचा वेगळा असतो आणि एका दाबात भागेलच असं नाही. अतिनील दिव्याखाली चमकणारं लोशन मिळालं तर जरूर वापरा. अंगठा, बोटांची टोकं आणि अंगठीखालची जागा सुटलेली स्वतःच्या डोळ्यांनी दिसली की वाद संपतो.

माणसांना दोष देण्याआधी मात्र सामान तपासा. बाटली खाटेपासून हाताच्या अंतरावर आहे का? रात्रपाळीत रिकामी झाली तर भरणार कोण, त्याचं नाव ठरलंय का? हातांची त्वचा फाटलेली असेल तर हँडरब झोंबतो आणि माणूस तो टाळतो. हे कामचुकारपण नव्हे. साबणाने धुऊन लगेच वर हँडरब लावायची सवय मोडा, त्यानेच त्वचा जाते. साबण-पाणी ४० ते ६० सेकंद, आणि तेही हात दिसायला मळलेले असतील, शौचाहून आल्यावर, किंवा क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलचा जुलाब असलेल्या रुग्णानंतर. त्या जिवाणूच्या बीजाणूंना अल्कोहोल मारत नाही. एरवी हँडरब पुरे. ड्युटी रूममध्ये मॉइश्चरायझर ठेवा, पण पेट्रोलियम जेलीसारखा तेलकट नको, त्याने लेटेक्सचे हातमोजे कमकुवत होतात.

हातमोजे हा तर वेगळा रोग आहे. ते घातले की माणसाला वाटतं, आता हात स्वच्छ. मग त्याच मोज्यांनी फोन, फाईल, दाराची मूठ. नियम दोनच: एका रुग्णाचे मोजे दुसऱ्याकडे न्यायचे नाहीत, आणि मोजे काढल्यावर हँडरब लावायचाच, कारण मोज्यांना बारीक छिद्रं असू शकतात आणि काढताना हात बरबटतात.

सफाई कर्मचाऱ्यांना बहुतेक ठिकाणी वगळलं जातं, आणि क्लोरीनचं द्रावण नेमकं तेच बनवतात. हिशेब सोपा आहे: बाटलीवरची टक्केवारी भागिले हवी ती टक्केवारी, त्यातून एक वजा, तितके भाग पाणी. ५ टक्क्यांच्या ब्लीचपासून ०.५ टक्का हवं तर १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी, ०.१ टक्क्यासाठी ४९ भाग पाणी. सांडलेल्या रक्तासाठी ०.५, एरवीच्या पृष्ठभागांना ०.१. रक्त आधी टिपून घ्यायचं, मग द्रावण १० मिनिटं ठेवायचं. रक्ताच्या थारोळ्यावर थेट ओतलं तर क्लोरीन रक्तातच खर्ची पडतं. द्रावण रोज ताजं करायचं. टॉयलेट क्लीनरसारख्या आम्लात किंवा अमोनियात ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो. बादलीवर रंगीत खूण आणि मोजायला ठरलेला मग दिलात तर चुका आपोआप कमी होतात.

आता सुई टोचल्याचं. लोक लपवतात, कारण पहिला प्रश्न येतो ‘कॅप परत लावत होतीस का?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारूच नका. जखम साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही, ब्लीच लावायचं नाही. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने धुवायचं. मग ताबडतोब ठरलेल्या डॉक्टरकडे, रात्री दोन वाजले असले तरी. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर सुरू करायची, ७२ तासांच्या आत, आणि २८ दिवस घ्यायची. म्हणून पहिले डोस रुग्णालयातच, कुलपाची किल्ली कोणाकडे हे सगळ्यांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागणीची शक्यता सुमारे ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्याला, ६ ते ३० टक्के. तरी भीती पहिल्याचीच जास्त असते आणि लसीचा तिसरा डोस राहून जातो. ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस पूर्ण करा, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (हिपॅटायटिस बीविरुद्धची रक्तातली प्रतिपिंडं) तपासा. १० mIU/ml किंवा जास्त आलं की संरक्षण मिळालं. नवा माणूस, कंत्राटी असला तरी, वॉर्डात पाठवण्याआधी निदान पहिला डोस द्या. टोकदार वस्तूंचा डबा खाटेपाशी न्यायचा, सुई घेऊन डब्यापर्यंत चालायचं नाही, आणि तीन-चतुर्थांश भरला की तो बंद करायचा.

हातांच्या स्वच्छतेचं निरीक्षण करायचं तर २० मिनिटांच्या आसपास, एका वेळी तिघांपेक्षा जास्त माणसं बघू नका. एका वॉर्डासाठी एका फेरीत २०० संधी, म्हणजे हात स्वच्छ करायला हवेत असे प्रसंग, नोंदवायची शिफारस आहे. तुमच्याकडे माणसं कमी, तेव्हा ५० पासून सुरुवात झाली तरी चालेल, फक्त त्या आकड्यांवरून वॉर्डांची आपसात तुलना करू नका. कुणी बघतंय म्हटल्यावर माणसं जास्त नीट वागतात, म्हणून हँडरबचा खपही मोजा. दर १००० रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल म्हणजे एक रुग्ण-दिवस) निदान २० लिटर हा मापदंड आहे. ६० खाटा पूर्ण भरलेल्या असतील तर महिन्याचे १८०० रुग्ण-दिवस, म्हणजे ३६ लिटर. भांडाराच्या वहीत ८-१० लिटर दिसत असेल तर हात स्वच्छ करण्याचा नियम पाळण्याचं प्रमाण ९० टक्के दाखवणारा तक्ता खरा नाही. निकाल त्याच आठवड्यात वॉर्डाला सांगा, वॉर्डाचा म्हणून, नावं न घेता. आणि डॉक्टरांची नोंद वेगळ्या ओळीत ठेवा, सरासरीत ती लपते.