लघुचित्रातला शेंदूर

मुघल दरबारच्या पोथ्यांत लोककथांवर काढलेल्या चित्रांना 'लघुचित्रे' म्हणावे की 'सूक्ष्मचित्रे', असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही शब्द इंग्रजी 'मिनिएचर'ची भाषांतरे आहेत आणि एकाच गैरसमजातून जन्मलेले आहेत. आणि 'लघुचित्र म्हणजे आकाराने लहान चित्र' ही व्याख्या प्रत्येक व्याख्यानात ऐकून कान किटले आहेत.

'मिनिएचर'चा 'मिनी'शी मुळात काडीचाही संबंध नाही. लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणजे शेंदूर आणि 'मिनियारे' म्हणजे शेंदराने रंगवणे. मध्ययुगीन युरोपात हस्तलिखितांतील आद्याक्षरे शेंदराने काढीत. त्यावरून इटालियन 'मिनियातुरा' आला, पुढे तो पानावरच्या चित्रालाही लागला, आणि ती चित्रे बहुधा लहान असल्यामुळे व 'मिनिमम'शी उच्चार जुळल्यामुळे 'लहान' हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. आपल्या पोथ्यांतही अध्यायसमाप्तीच्या ओळी आणि दंड कितीदा तांबड्या शाईत असतात! आपल्या लेखनिकाला 'मिनियारे' समजावून सांगावे लागलेच नसते. भाषांतरकाराने कोशाऐवजी चित्रकाराच्या रंगाच्या शिंपल्यात डोकावले असते, तर मराठी शब्द शेंदरावरूनच घडला असता, असे माझे ठाम मत आहे. 'शेंदूरचित्र' ऐकून हसणाऱ्यांनी खुशाल हसावे.

'रूढी बलवान असते' असे बजावणाऱ्या कोशकारांनी अकबराचा हमझानामा, म्हणजे अमीर हमझाच्या साहसकथांची सचित्र पोथी, डोळ्यांपुढे आणावा. सुमारे १४०० चित्रे, तीही कापडावर. एकेक पान दोन फुटांहून उंच आणि कथेचा मजकूर चित्राच्या मागे. याला जे लघु म्हणतात, ते गुरू कशाला म्हणतात? त्याच दरबारातील तूतीनाम्याची पाने मात्र खरोखरच लहान आहेत, हे मान्य. 'शुकसप्तती'च्या कथापरंपरेतून नख्शबीने १३३० मध्ये फारसीत रचलेल्या त्या ग्रंथात, नायिका खुजस्ता हिने प्रियकराकडे जाऊ नये म्हणून पोपट ५२ रात्री कथा सांगत राहतो. त्यामुळे चित्रांतही पिंजऱ्यापुढे उभी खुजस्ता पुन्हापुन्हा भेटते. पण ते चित्र ओळखायचे ते शेजारच्या मजकुरावरून, फूटपट्टीवरून नव्हे.

'सूक्ष्मचित्र' हा शब्द सूक्ष्मदर्शकाखालच्या जंतूंना शोभेल. खारीच्या केसांच्या कुंचल्याने काढलेली रेघ सूक्ष्म असते, चित्र नव्हे. प्रश्नकर्त्यांनी 'पोथीचित्र' म्हणावे. आणि चित्र पोथीतले नसून मुरक्क्यातले, म्हणजे चित्रसंग्रहाच्या वहीतले, सुटे असेल, तर नुसते 'चित्र' पुरते.