शंका-समाधान: ४० एक्स लावलं की पेशी कुठे जातात?

प्रश्न: सूक्ष्मदर्शकात कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड १० एक्सवर (दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून) छान दिसते. ४० एक्सचं भिंग फिरवलं की नुसता पिवळट धुरकटपणा. मोठा स्क्रू फिरवून पाहिला तर कव्हरस्लिपच (पापुद्र्यावरची पातळ काच) तडकली. काय चुकतंय? (नववीतील विद्यार्थिनी)

उत्तर: आधी एवढं बघ, स्लाइड पालथी तर ठेवली नाहीस ना? ही चूक फार जणांची होते आणि पटकन लक्षात येत नाही. ४० एक्सच्या भिंगाला पदार्थाच्या साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जवळ यावं लागतं. कव्हरस्लिप जेमतेम ०.१७ मिमी जाड असते, म्हणून तिच्यावरून जमतं. काचपट्टी मात्र १ मिमीच्या आसपास जाड. स्लाइड पालथी असेल तर भिंग काचेला टेकेल, पण पेशी स्पष्ट होणारच नाहीत. १० एक्सला भरपूर अंतर मिळतं, त्यामुळे तिथे पालथी स्लाइडही दिसते आणि आपण फसतो.

स्लाइड सुलटी असेल तर पेशी मधोमध होती का ते पाहा. १० एक्सवर दिसणाऱ्या वर्तुळाच्या पाव रुंदीचाच भाग ४० एक्सवर दिसतो, कडेची पेशी बाहेर राहते. सरकवताना लक्षात ठेव, स्लाइड डावीकडे नेली की चित्र उजवीकडे जातं.

तरीही धुरकटच? मग भिंगाच्या टोकाला पापुद्रा रंगवायचं आयोडीन लागलं असणार. भिंग पुसायच्या मऊ कागदानेच पूस. ओढणी किंवा रुमाल नको, त्यातल्या धुळीने चरे पडतात. पुन्हा लागू नये म्हणून कव्हरस्लिपबाहेर आलेलं पाणी टिपकागदाने आधीच टिपून घे.

काच तडकली ती मोठ्या स्क्रूमुळे. तो ४ एक्सपुरताच वापरायचा. बाजूने बघत भिंग स्लाइडजवळ आण, मग डोळा लावून अंतर वाढवत वाढवत चित्र स्पष्ट कर. १० एक्सला बारीक स्क्रू. तिथून ४० एक्सवर जाताना स्क्रूला हात न लावता फक्त भिंगं फिरव. बहुतेक सूक्ष्मदर्शकांत फोकस जवळपास तसाच राहतो, पुढे बारीक स्क्रू किंचित इकडेतिकडे केला की पुरे. चित्र अंधारलं तर डायफ्राम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) थोडा उघड. पूर्ण उघडलास तर पेशीभित्तिका प्रकाशात हरवतात.

आणि काळ्या जाड कडेचे गोल दिसले तर वहीत पेशी म्हणून काढू नकोस, ते हवेचे बुडबुडे आहेत. कव्हरस्लिपची एक कड आधी पाण्यात टेकवून, तिरपी धरून, सुईच्या आधाराने हळूहळू सोडली तर ते फारसे येत नाहीत. कांद्याच्या पेशी लांबट, विटा रचल्यासारख्या असतात.

प्रश्न: मोजनळीतलं तेच पाणी मुलं वेगवेगळं वाचतात. (विज्ञान शिक्षिका)

उत्तर: नळी हातात न धरता टेबलावर ठेवायला सांगा आणि डोळे पातळीला आणायला लावा. वरून पाहिलं तर वाचन जास्त येतं, खालून पाहिलं तर कमी. पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ वाचायचा. पोटॅशियम परमँगनेटच्या गडद द्रावणात तळ दिसत नाही, तिथे सगळ्यांनी वरची कड वाचावी. ८ मिली मोजायला १०० मिलीची नळी मात्र देऊ नका, १० मिलीचीच द्या.