विल सिद्ध करायला ॲफिडेव्हिट पुरेल का?

मामांनी पुण्यात दोन साक्षीदारांपुढे विल केलंय ना? मग एका ॲफिडेव्हिटवर निर्धास्त राहू नका. प्रकरण कोर्टात गेलं की सही केलेल्या साक्षीदारांपैकी, हयात असेल तर, निदान एकाला बोलवावंच लागतं. विल रजिस्टर्ड असलं तरी यातून सुटका नाही. साक्षीदाराची सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूनं द्यायची साक्ष, ॲफिडेव्हिटवर होते, उलटतपासणीला मात्र त्याला स्वतः उभं राहावं लागतं.

म्हणून मजकूर त्याच्याच आठवणीतून लिहून घ्या. 'त्यांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली' हे त्यात हवंच. टायपिस्टकडचा 'मयतास चांगला ओळखतो' छाप नमुना वकील दोन प्रश्नांत फाडतो.

गोव्यात स्पेशल नोटरीसमोर, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे, केलेल्या विलाची गोष्ट वेगळी. ते तिथल्या वहीत असतं. आधी सर्टिफाइड कॉपी काढा. आणि हो, गोंयकाराला मुलं असतील तर 2012 च्या गोवा वारसा कायद्यानं त्याला स्वतःच्या अर्ध्याच मालमत्तेचं विल करता येतं. उरलेला अर्धा मुलांचाच, ॲफिडेव्हिट कितीही पक्कं असो.