जॅकी रॉबिन्सन म्हणजे आधुनिक मेजर लीगमधला (अमेरिकेची सर्वोच्च बेसबॉल लीग) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच्या काळातला, पण फारसा कोणाला माहीत नसलेला बेसबॉलपटू कोण? सिम्युलेशनमध्ये, म्हणजे खऱ्या आकड्यांवर बेतलेल्या बेसबॉलच्या खेळात, तो कसा खेळतो?

माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे: सॅम जेथ्रो, टोपणनाव 'द जेट'.

१६ एप्रिल १९४५ला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर रेड सॉक्स या मेजर लीग संघाने तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेतली: रॉबिन्सन, मार्विन विल्यम्स आणि जेथ्रो. घेतली म्हणजे घ्यावी लागली; इझाडोर मुचनिक या नगरसेवकाने रविवारच्या सामन्यांच्या परवानगीवरून क्लबला कोंडीत पकडलं होतं. मुलगी बघून गेलेली मंडळी 'कळवतो' म्हणतात ना, तसलाच प्रकार. तिघांपैकी कोणालाही बोलावणं आलं नाही. रेड सॉक्सकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो थेट १९५९ मध्ये!

जेथ्रो तेव्हा निग्रो लीगमध्ये (कृष्णवर्णीयांची वेगळी लीग) क्लीव्हलंड बकआईजकडून खेळायचा. त्याच वर्षी त्यांनी होमस्टेड ग्रेजला ४-० ने धुऊन निग्रो वर्ल्ड सीरिज जिंकली. १९४९ मध्ये खालच्या लीगमधल्या मॉन्ट्रियलकडून त्याने ८९ बेस चोरले, म्हणजे पिचर (गोलंदाज) चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठला. मेजर लीगचं दार उघडलं ते १९५० मध्ये, बॉस्टनच्याच दुसऱ्या संघात, ब्रेव्ह्जमध्ये. वय ३३. फलंदाजीची सरासरी .२७३, १८ होमरन, लीगमध्ये सर्वाधिक ३५ चोरलेले बेस आणि वर रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवोदित. तिशी ओलांडलेला 'नवोदित'! पुढच्या वर्षी पुन्हा ३५ बेस. १९५२ मध्ये सरासरी .२३२ वर आली आणि पुढच्या हंगामात तो खालच्या लीगमध्ये होता.

आता सिम्युलेशन. स्ट्रॅट-ओ-मॅटिक या फासे-कार्डांच्या खेळात तीन फासे टाकायचे. एका फाशावर १ ते ३ आलं तर फलंदाजाचं कार्ड बघायचं, ४ ते ६ आलं तर पिचरचं. उरलेल्या दोघांच्या बेरजेवर निकाल. बुक क्रिकेट खेळलेल्याला ही चटक लगेच लागते. १९५० चा जेथ्रो पहिल्या बेसवर पोचला की समोरचा अस्वस्थ होतो. मात्र क्षेत्ररक्षणात तो घात करतो, प्रत्यक्षातही करायचा. कार्डाची खरी अडचण वेगळी आहे. ते एका हंगामाच्या आकड्यांवरून बनतं, म्हणजे हाती येतो तो ३३ वर्षांचा जेथ्रो. २८ वर्षांच्या जेथ्रोचं मेजर लीगचं कार्ड निघणार कुठून?

म्हणून मी आऊट ऑफ द पार्क या संगणकावरच्या खेळात १९४५ पासून सुरुवात करतो आणि त्याला हाताने उचलून रेड सॉक्समध्ये टाकतो. गंमत म्हणजे प्रत्यक्षातही तेव्हा सेंटर फील्डचा डॉम डिमॅजियो नौदलात होता, टेड विल्यम्सही युद्धसेवेत. जागा रिकाम्याच होत्या! पाय तरुण असताना जेथ्रोला खेळवण्याची मजा काही औरच. दोन बॉल जाईपर्यंतही मला दम निघत नाही, लगेच चोरीचं बटण दाबतो. बऱ्याचदा बादही होतो, तो दोष माझा.

१९४६ मध्ये डिमॅजियो परतला की जेथ्रो राइट फील्डला जातो. बाकावर मी त्याला बसवत नाही.