अजिंक्य कोण, अपराजित कोण

प्रश्न आला आहे की १९६९ साली कॅनडाच्या ज्युनियर आइस हॉकीत फ्लिन फ्लॉन बॉम्बर्सनी मिळवलेलं राष्ट्रीय अजिंक्यपद 'वादग्रस्त' म्हणावं की 'विवादास्पद'.

काहीही म्हणा. कान टवकारायला हवेत ते 'अजिंक्य'वर. 'सलग सहा सामने अजिंक्य' असं समालोचक बिनदिक्कत बोलतात. अहो, ते अपराजित! हरला नाही तो अपराजित; हरवताच येत नाही तो अजिंक्य.

मग शुद्धिवादी सरसावतात. म्हणे संस्कृतात 'जिंक' धातूच नाही, 'अजेय' लिहा. धातू नाही हे खरं, आणि गंमत तीच! अस्सल मराठी 'जिंकणे' उचललं, पुढे 'अ' जोडला, मागे 'य' लावला आणि अभेद्य, अवध्य यांच्या पंगतीला बसवलं. वाढप्यालाही संशय येत नाही. शिवाय 'अजेय'वाल्यांनी पाणिनी तरी नीट वाचावा: 'क्षय्यजय्यौ शक्यार्थे'. जिंकणं शक्य, या अर्थी रूप 'जय्य' आहे, 'जेय' नव्हे. इतकंच सोवळं पाळायचं तर 'अजय्य' लिहा की!

माझ्या मते 'अजिंक्य' हे वर्णन नाहीच, ती ईर्ष्या आहे. साताऱ्याचा किल्ला १७०० साली औरंगजेबाने घेतला, त्याचा 'आझमतारा' केला. मराठ्यांनी परत मिळवल्यावर नाव पडलं अजिंक्यतारा. म्हणजे एकदा जिंकला गेल्यावर! कोशकार 'जिंकता न येणारा' एवढं लिहून मोकळे होतात. त्यांनी एकदा तो गड चढावा.

हं, बॉम्बर्स. ते खेळत ती पश्चिमेकडची लीग कॅनडाच्या हौशी हॉकी संघटनेतून फुटली होती, त्यामुळे मेमोरियल कपची, म्हणजे ज्युनियर हॉकीच्या राष्ट्रीय चषकाची, वाट त्यांना बंद. तो कप मॉन्ट्रियल ज्युनियर कॅनेडियन्सनी रेजायना पॅट्सना हरवून नेला. बॉबी क्लार्क या खेळाडूचे बॉम्बर्स दुसऱ्याच राष्ट्रीय किताबासाठी ऑन्टारियोच्या सेंट थॉमस बॅरन्सशी खेळले, आणि बॅरन्स चालू सामन्यातून बर्फ सोडून निघून गेले. एका वर्षात दोन राष्ट्रीय विजेते. १९७१मध्येही मेमोरियल कपच्या वाटेवर सेंट कॅथरिन्सच्या संघाने क्यूबेक रेम्पार्ट्सविरुद्धची मालिका सुरक्षिततेच्या कारणावरून अर्धवट सोडली. पण रेम्पार्ट्सनी पुढे एडमंटन ऑइल किंग्जना हरवून कप मैदानात मिळवला.

तेव्हा बॉम्बर्सना विजेते म्हणा, आवडेल ते विशेषण लावा. 'अजिंक्य' मात्र नको. प्रतिस्पर्धी शेवटपर्यंत थांबलाच कुठे?