रिकामा फ्लॅट, खारकीवचं कुटुंब आणि महिन्याचे साडेचारशे पौंड

मे २०२२. इंग्लंडमधल्या स्लाऊहून एका वाचकाचं पत्र आलंय: "रेडिंगमधला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट मार्चपासून रिकामा आहे. एजंट म्हणतो, १,०५० पौंडांना आठवड्यात जाईल. पण बायकोचं फेसबुकवर खारकीवच्या एका बाईशी बोलणं झालंय, सोबत दोन मुलं. युक्रेनियन लोकांना घरात जागा देण्याच्या 'होम्स फॉर युक्रेन' या सरकारी योजनेत फ्लॅट त्यांना द्यावा, असं बायकोचं म्हणणं. सरकार ३५० पौंड देणार. म्हणजे महिन्याला सातशेचा खड्डा! पगार ४० टक्के कराच्या पट्ट्यात, बचत १४,०००, आणि फ्लॅटच्या कर्जाचा फिक्स, म्हणजे ठरावीक व्याजदराची मुदत, नोव्हेंबरात संपतोय. झेपेल का?"

खड्डा आहे, पण सातशेचा नाही. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरूनच बघू. व्याज २८०, सर्व्हिस चार्ज १३०, विमा २०. घर भरलेलं असो वा रिकामं, हे ४३० जाणारच. भाड्याने दिलंत तर १,०५० मधून एजंटचे १०५ आणि हे ४३० वजा जाऊन ५१५ उरतात. त्यावर टॅक्स. व्याज आता भाड्यातून वजा करता येत नाही, त्यावर फक्त २० टक्क्यांची सूट मिळते. त्यामुळे कर ७९५ पौंडांवर लागतो: ३१८, त्यातून सवलतीचे ५६ गेले की २६२. हातात पडतात जेमतेम अडीचशे. एजंटने सांगितलेल्या १,०५० चं हे खरं रूप.

आता दुसरी बाजू. ते ३५० पौंड करमुक्त आहेत. ते माणशी नाहीत, घरामागे आहेत, आणि भाडं घेतलंत की बंद. गॅस, वीज, पाणी तुम्ही भरलंत तर मी १२० धरतो. म्हणजे ४३० अधिक १२०, वजा ३५०: खिशातून दोनशे. हुकलेले अडीचशे आणि हे दोनशे मिळून महिन्याला साधारण साडेचारशे. बिलांमधला वाजवी वाटा पाहुण्यांकडून घेता येतो. घ्यायचा असेल तर आधीच ठरवून कागदावर लिहा. एप्रिलमध्ये वीज-गॅसच्या दरांवरची कमाल मर्यादा सरासरी घराला वर्षाला १,९७१ पौंडांवर गेली आहे, ऑक्टोबरात ती आणखी चढेल असाच रंग आहे. कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक पालिकेचा घरावरचा कर, मी यात धरलेला नाही. मालक तिथे राहत नसताना तो कोणाच्या नावावर लागणार, हे कौन्सिलकडून लेखी घ्या.

माझी खरी काळजी या साडेचारशेची नाहीच. योजनेत किमान सहा महिन्यांचा शब्द द्यावा लागतो आणि तुम्ही पत्रात सगळीकडे सहाच महिने धरलेत. जूनमध्ये ती माउली आली, सप्टेंबरात मुलं रेडिंगच्या शाळेत गेली, धाकट्याला तिथे एक मित्र मिळाला, आणि डिसेंबरात तुम्ही म्हणणार, "आता दुसरीकडे बघा"? त्यांचा व्हिसा तीन वर्षांचा आहे. काम करता येतं, सरकारी मदतही मिळते. पण जामीनदार नाही, इथली क्रेडिट हिस्टरी नाही, अशा बाईला कुठला एजंट घर दाखवतो? तुमच्याच एजंटला विचारून बघा. तेव्हा हिशोब बारा महिन्यांचा धरा: ५,४००. बचतीत उरतात ८,६००. तुमचा घरखर्च २,८०० लिहिलाय, म्हणजे तीन महिन्यांची गंगाजळी शाबूत राहते. थोडी ताणाताण होईल, पण जमेल. वर्षभर नवीन सोफा नाही आणि आयसामध्ये (करमुक्त बचत खात्यात) जादा पैसे नाहीत, एवढं दोघांनी मिळून कबूल करायला हवं.

फिक्सचं मात्र आत्ता बघा. व्याजदर चढतायत, बँक ऑफ इंग्लंडने याच महिन्यात दर १ टक्क्यावर नेलाय. बाय-टू-लेटचं, म्हणजे भाड्याने द्यायच्या घरावरचं कर्ज दुसऱ्या बँकेकडे न्यायचं तर ती आधी भाडं विचारते, आणि ते व्याजाच्या बरंच वर असावं लागतं. तुमचं भाडं असेल शून्य. म्हणून नोव्हेंबरात आहे त्याच बँकेकडे नवा दर घ्यायचा, असं धरून चाला. तिथे बहुधा नव्याने छाननी होत नाही. पण ती बँक तुमच्याकडे असे पाहुणे चालवून घेते का, हे आजच विचारा. विमा कंपनीलाही कळवा. स्वतःच्या राहत्या घरात पाहुणे ठेवणाऱ्यांना विमेवाल्यांनी सवलत दिली आहे, घरमालकांना नाही. शिवाय फ्लॅट लीजवर असेल तर लीज काढून वाचा. मी वाचलेल्या लीजांमध्ये कुत्र्यावर दोन कलमं असतात आणि माणसांवर पाच.

बँक नाही म्हणाली, किंवा बारा महिन्यांचा आकडा बघून दोघांपैकी एकाचाही चेहरा पडला, तर हट्ट नको. मग घर भाड्यानेच द्या, पण युक्रेनहून आलेल्या आणि इथे कामाला लागलेल्या एखाद्या कुटुंबाला, जामीनदार न मागता, ९०० ला. कर धरून तुमचं नुकसान महिन्याला शंभराच्या आत राहतं, बँकही कुरकुरत नाही. माझ्या मते हीसुद्धा मोठी मदत आहे, आणि ती कमी लोकांना सुचते.

मी तुमच्या जागी असतो तर बारा महिने धरून हो म्हटलं असतं. मात्र व्हिसाच्या फॉर्मवर नाव घालण्याआधी गॅसची तपासणी करणाऱ्याला बोलावलं असतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बॉयलरवरचं तपासणीचं स्टिकर २०२० चं आहे.